शैलश्रीची तिफण

दुबलगुंडीची शैलश्री संगणकासाठी नवी भाषा तयार करते, असं कुणी तिच्या आईला सांगितलं की महादेवीअव्वा म्हणते, "आमच्या घरात कानडी हाय, मराठी हाय, बाजारात गेलं की उर्दू हाय. आणखी एक कशाला पायजे?" प्रश्न रास्त आहे. सोयरे, शेजारी आणि हुमनाबादच्या बँकेतले साहेबसुद्धा तिला तेच विचारत आले. शैलश्री सगळ्यांना एकच उत्तर देते, "असू दे की एक जास्तीची." आणि चहा टाकायला उठते.

ती कायम उठलेलीच असते. बसलेली शैलश्री फार थोड्या लोकांनी पाहिली असेल. भालकी रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकवते, पण तिथं तिच्या गळ्यात प्रयोगशाळा आहे, वेळापत्रक आहे, तपासणी समितीच्या फायली आहेत आणि सहकाऱ्यांच्या रजेतले तास आहेत. यातलं कुणी तिच्यावर लादलेलं नाही. समोरच्याच्या तोंडातून अर्धं वाक्य निघायच्या आत ती "मी बघते" म्हणून मोकळी होते. लोकही शेवटी माणसंच, त्यांनी पुढचं अर्धं वाक्य बोलायचं सोडून दिलं.

हे तिला घरातूनच मिळालं. महादेवीअव्वाच्या घरी पाहुणा टेकायच्या आत तांब्या पुढं येतो. शेजारणीनं विरजण मागायच्या आत वाटी तिच्या दारात जाते. आणि कुणाची वाटी आपल्या घरात आली, तर ती रिकामी परत जात नाही, निदान चार शेंगा तरी घालूनच जाते. ही रीत चांगली आहे, तिला नाव ठेवायची माझी छाती नाही. फक्त एक आहे की त्या घरात कुणी कुणाकडून काही घेताना मी तरी कधी पाहिलं नाही. घेतलंच तर असं अवघडून घेतात, की देणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हावं.

शैलश्री बीदरला शिकली, मग एम.टेक. केलं आणि नोकरी सांभाळून कलबुर्गीत पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा, की तो सांगताना तिलाही एकदा पाण्याचा घोट घ्यावा लागतो. तरी आपण सांगून बघू.

समजा हुमनाबाद आणि भालकी तालुक्यांच्या जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब करायचा आहे. एक मोठा तक्ता घ्यायचा, त्यात बारीक बारीक घरं पाडायची. प्रत्येक घरात तिथल्या पाण्याची पातळी. उद्या एका घरातलं पाणी किती असेल ते त्याच्या चारी बाजूंच्या घरांवर ठरतं. सगळ्या घरांना एकच हुकूम द्यायचा असतो, "चौघा शेजाऱ्यांकडं बघ आणि आपला आकडा बदल." हा हुकूम सगळ्यांना एकदम देता यावा, अशी भाषा शैलश्रीनं केली. तिचं नाव ठेवलं तिफण. शेतात तिफण एकदा फिरली की तिन्ही नळ्यांतून बी एकदम पडतं, तसं इथं एका ओळीत सगळा तक्ता पेरून होतो.

भाषा करणं सोपं होतं. अवघड होतं ते कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेली ओळ यंत्राला कळेल अशा कामात उतरवून देणारा कारभारी. कारण तक्ता एका संगणकात मावत नाही. तो आठ संगणकांत पट्ट्या पट्ट्या करून वाटावा लागतो, आणि यातल्या प्रत्येकाची स्मृती त्याची त्याची. एकाला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. काही हवं असेल तर तारेतून निरोप पाठवायचा आणि निरोप घ्यायचा, एवढाच व्यवहार. ज्याच्या वाट्याला जी पट्टी, तिचं गणित त्यानंच करायचं, हा पहिला नियम. पट्टीच्या आतल्या घरांची अडचण नसते. अडचण बांधावरच्या घरांची. त्यांचा एक शेजारी पलीकडच्या संगणकात राहतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी सगळ्यांनी आपापल्या बांधावरची ओळ शेजाऱ्याला द्यायची आणि त्याची आपण घ्यायची. तिफण लिहिणाऱ्याला यातलं काही दिसू नये. कुणी कुणाला काय आणि कधी द्यायचं, हे सगळं कंपायलरनं आपलं आपण ठरवावं. शैलश्रीचा प्रबंध एवढाच. एवढ्याला तिची उमेदीची बरीच वर्षं गेली.

आणि ते चालत होतं. लहान तक्ता दिला की आठही संगणक सुतासारखे सरळ चालायचे, उत्तर बरोबर यायचं. मोठा तक्ता दिला की सगळं थांबायचं. बिघाडाची सूचना नाही, लाल अक्षरं नाहीत. पंखे फिरताहेत, दिवे लुकलुकताहेत आणि काम जागचं हलत नाही. यंत्र मोडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, मोडलेलं दुरुस्त करता येतं. तिनं तारा बदलल्या, जोडणीची पेटी बदलली, संगणक पुसून पुन्हा उभे केले. पट्ट्या पाडण्याचा भाग तीनदा नव्यानं लिहिला, कारण तो सगळ्यात किचकट होता आणि चूक असलीच तर तिथंच असणार, असं तिनं धरून ठेवलं होतं.

तिचे मार्गदर्शक बसवप्रभु सर कमी बोलणारे होते, आणि बोलत ते खरं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी तिला समोर बसवलं. म्हणाले, "नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते. ही शेवटची वाढ होती. लहान तक्ता चालतो एवढं दाखवून भागणार नाही. मार्चच्या आत मोठा चालला नाही, तर नाव कमी होईल, आणि मी काही करू शकणार नाही." शैलश्री बरं म्हणाली आणि जाताना त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा लेख तपासायला घेऊन गेली.

तिची एक मैत्रीण आहे, निर्णा गावची विजयश्री. बीदरच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत होत्या. विजयश्री आता हैदराबादेत असते, संगणकांच्या एका मोठ्या केंद्रात. तिथं एका दालनात हजारो प्रोसेसर रांगेनं उभे आहेत आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांत ती एक आहे. तिनं फोनवर कितीदा तरी सांगितलं, "शैला, आमच्या मशीनवर चालवून बघ की. बाहेरच्या संशोधकांना देतेत हितं. म्या बघते सगळं." दर वेळी शैलश्री म्हणायची, "बघू गं, आधी हितं नीट चालू दे." आणि त्याच आठवड्यात हैदराबादच्या गाडीत विजयश्रीच्या नावानं घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी जायची. विजयश्रीच्या घरी डाळ विकत आणायची वेळ म्हणून येत नव्हती.

असं सगळं अडून राहिलेलं असताना येळवस आली.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, ओल्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर, आंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हाताला धरून खाऊ घालायचं. शैलश्रीचे वडील अमृतप्पा उन्हाळ्यात वारले होते. त्यांच्यामागची ही पहिली येळवस. महादेवीअव्वा शेतात जायचं की नाही म्हणत होती. शैलश्रीनं रजा टाकली, आदल्या दिवशी दुबलगुंडीला आली आणि म्हणाली, "जायाचंच. अप्पा असते तर गेलोच असतो न्हवं." पहाटे उठून अव्वानं भज्जी चढवली.

त्यांच्या शेताला लागून राजूबाईचं शेत आहे. राजूबाई आणि महादेवीअव्वा एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या. एक मराठा घरातली, एक लिंगायत घरातली. बांध एक आणि विहिरीची वाटही एक. दर येळवशीला दोन्ही कोपींमध्ये आंबिलीच्या मडक्यांची देवघेव होते आणि तिची एक ठरलेली रीत आहे. भज्जीचा डबा, उंड्यांचं फडकं असलं किरकोळ काही असेल तर ते कोपीत नुसतं ठेवून आलं तरी चालतं. पण आंबिलीचं मडकं एकदा उचललं की परक्याच्या काय, आपल्याही मातीवर टेकवायचं नाही. त्या शेताच्या मालकाच्या नाहीतर मालकिणीच्या हातातच द्यायचं. त्यांनी धरलं की मग आपण सोडायचं. आणि घेऊन निघालेलं मडकं भरलेलं परत आणायचं नाही. का, ते कुणाला ठाऊक नाही. विचारलं तर राजूबाई म्हणते, "तसंच असतंय."

पूजा झाली. सकाळीच राजूबाईचा भज्जीचा डबा येऊन पडला होता, यांच्या घरचं उंड्यांचं फडकं तिकडं गेलं होतं. ऊन वर आल्यावर शैलश्री फोनला रेंज मिळेल म्हणून बांधाच्या टोकाला बाभळीखाली गेली. कॉलेजातून कुणीतरी वेळापत्रकाचं विचारत होतं. तिनं सणाच्या दिवशी उभ्या उभ्या ते सोडवून दिलं. परत आली तर कोपीपुढं राजूबाई उभी. दोन्ही हातांत आंबिलीचं मडकं, कपाळावर घाम, पदर खांद्यावरून घसरलेला आणि तो सावरायला हात मोकळा नाही.

"राजूअक्का, कवा आलाव?"

"लई येळ झाला बाई. महादेवी कुठं हाय?"

शैलश्रीनं कोपीत पाहिलं. अव्वाही नव्हती, आंबिलीचं मडकंही नव्हतं. "तुमच्याकडंच गेली असंल की मडकं घेऊन. वाटंत गाठ पडली न्हाई?"

"म्या खालच्या वाटंनं आले. ती वरल्या वाटंनं गेली असंल. मधी ही तूर." तूर त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. तिच्या आत बैलगाडी उभी केली असती तरी दिसली नसती.

"द्या इकडं, म्या घेते."

राजूबाईनं मडकं आणखी जवळ धरलं. "तुझ्या हाती कसं देऊ? मालकिणीला द्यायचं असतंय. तू लेक, पाव्हणी."

"मग परत जावा. अव्वा तिकडं उभी असंल तुमच्या कोपीपाशी."

"भरलेलं घेऊन परत जाऊ? कामून? ती यील की."

"ती कशी यील अक्का? तिच्या बी हातात भरलेलंच हाय. तुमी आल्याबिगर ती हालायची न्हाई."

राजूबाईनं यावर विचार केला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "व्हय. ते बी खरंच हाय." आणि तशीच उभी राहिली.

शैलश्रीला हसू फुटलं. दोन म्हाताऱ्या, दोन कोपी, जी ती दुसरीच्या दारात. दोघींना द्यायचंच आहे आणि घ्यायला घरी कुणी नाही. ती विचारत होती, "मग दरसालचं कसं हुतंय हो?" आणि राजूबाई सांगत होती, "दरसाल तुझे अप्पा बसायचे न्हवं हितं. आमच्याकडं आमचे मालक बसायचे. यंदा ते पोराकडं पुण्याला हायत. बायका न्यायच्या, गडी घ्यायचे." अप्पांचं नाव निघालं आणि शैलश्रीचं हसू थांबलं. दर साली अप्पा कोपीच्या तोंडाशी मांडी घालून बसायचे आणि आलेलं मडकं दोन्ही हातांनी घ्यायचे. हे एक काम आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. अप्पा नुसते बसलेत, असंच वाटायचं. तिला अप्पांची आठवण इतकी जोरात आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आणि त्या पाण्यातूनच तिला आपले आठ संगणक दिसले. बाई तशी कामाचीच, तिला काय करणार.

तिच्या कंपायलरनं प्रत्येक संगणकाला एकच शिस्त लावून दिली होती. आधी दोन्ही शेजाऱ्यांना आपल्या बांधावरची ओळ देऊन ये, मग त्यांची घे. ओळ लहान असली की चालायचं, कारण प्रत्येक संगणकाच्या दाराशी निरोप ठेवायला थोडी जागा असते. तिथं टाकून देणारा मोकळा होतो, भज्जीच्या डब्यासारखा. ओळ मोठी असली की त्या जागेत मावत नाही. मग घेणारा हात पुढं करीपर्यंत देणाऱ्याला थांबावं लागतं. आणि घेणारा हात पुढं करणार कसा, तो स्वतःच आपली ओळ घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभा. आठही जण असे उभे, सगळे देणारे. या अडचणीला पुस्तकात नाव आहे. शैलश्री दर वर्षी ती वर्गात शिकवते, परीक्षेत तिच्यावर प्रश्न काढते आणि चुकलेल्यांचे गुण कापते. फक्त स्वतःच्या कामात तिनं ती शोधली नाही. ते देण्याघेण्याचं कलम तिनं सगळ्यात आधी, अगदी पहिल्या वर्षी लिहिलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं, कुठं पाहिलं नव्हतं. आधी द्यायचं आणि मग घ्यायचं, यात विचारायचं काय, असं तिला वाटलं होतं. ज्या घरात वाढलो त्या घराची रीत आपण कुठल्या कुठल्या कामात घालून बसतो, ते आपल्याला दिसत नाही.

"राजूअक्का," ती म्हणाली, "तुमी हितंच थांबा. मडकं खाली ठेवू नका."

"ठेवतच न्हाई बाई म्या."

ती तुरीतून वरच्या वाटेनं धावत गेली. राजूबाईच्या कोपीपुढं महादेवीअव्वा तशीच मडकं धरून उभी होती. "ही राजू कुठं उलथली गं?" अव्वा म्हणाली. शैलश्रीनं तिच्या हातातलं मडकं घ्यायला हात केले, तर अव्वानं अंग मागं घेतलं. मग शैलश्री दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून म्हणाली, "अव्वा, तू आता आपल्या कोपीत चल. ह्ये मडकं भरलंच घेऊन चल. तू आधी तिचं घे. मग तुझं दे." अव्वाला ते पटलं नाही. भरलं मडकं परत न्यायचं, हे तिला सासऱ्यांच्या नावाला बट्टा लावल्यासारखं वाटत होतं. वाटेत दोनदा तिनं ते बोलूनही दाखवलं. पण हात दुखत होते, आणि पोरगी अशी आग्रहानं तिच्याशी कधी बोलली नव्हती, म्हणून ती आली. राजूबाईचं मडकं घेता यावं म्हणून तिचं स्वतःचं तेवढ्यापुरतं शैलश्रीच्या हातात द्यावं लागलं. तेवढी रीत त्या वर्षी मोडली. पांडवांनी काही म्हटलं नाही.

सण संपला आणि शैलश्री कामाला लागली. दुरुस्ती म्हटली तर लहान होती. संगणकांना ओळीनं क्रमांक द्यायचे. विषम क्रमांकांनी आधी द्यायचं, सम क्रमांकांनी आधी घ्यायचं, मग पाळी उलटी. कंपायलरला मात्र कितीही यंत्रं असली आणि तक्ता कसाही चिरला तरी ही पाळी नीट लावता यायला हवी होती. त्यात तिचा पौष गेला. गंमत अशी की सगळ्यात जास्त वेळ तिला 'आधी घे' ही आज्ञा लिहायला लागला. काम अवघड होतं म्हणून नव्हे. लिहिताना कुणालातरी हात पसरून बसवतोय असं तिला वाटायचं आणि ती उठून पाणी पिऊन यायची.

पुढं एका दुपारी, प्रयोगशाळेत मुलांचा तास नव्हता तेव्हा, तिनं मोठा तक्ता लावला. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. आठही संगणक चालत राहिले आणि दोन तालुक्यांचं पाणी पडद्यावर हळूहळू सरकू लागलं. शैलश्री शेवटपर्यंत उभी होती. मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ बसूनच राहिली. शिपाई मामांनी दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

कलबुर्गीला समितीपुढं तिनं ते चालवून दाखवलं. बसवप्रभु सरांचा चेहरा उजळला, पण ते सर होते. त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान काढलं. "इथं तुम्ही लिहिलंय की हा कंपायलर शेकडो संगणकांवर चालेल. आठांवर चालला, आम्ही पाहिलं. शेकड्यांवर चाललेला दाखवा. हे वाक्य तरी काढा, नाहीतर ते खरं करा. आणि हे वाक्य काढलं तर मागं काय उरतं ते तुम्हीच सांगा." मार्चअखेर तीच होती.

हुमनाबादला परतताना बसमध्ये तिनं सगळे हिशेब केले. कॉलेजच्या तिन्ही प्रयोगशाळांतले संगणक जोडले तरी शेकडा भरत नव्हता, आणि परीक्षा तोंडावर होती. शेकडो प्रोसेसर तिला ठाऊक असलेल्या एकाच ठिकाणी होते. ते ठिकाण तिला चांगलं ठाऊक होतं आणि तिथं फोन लावायला तिचं बोट धजत नव्हतं. तिनं आधी संदेश लिहायला घेतला. पहिली ओळ लिहिली, यंदाची डाळ कशी आहे ते. ती पुसली. दुसरी लिहिली, तुझ्या भाच्याच्या प्रवेशाचं मी बघते म्हणून. तीही पुसली. द्यायला काही नसताना विजयश्रीशी बोलायचं कसं, हे तिला खरोखरच कळेना. इतकी वर्षं मैत्री करून ही वेळ, याची तिला लाज वाटली.

प्रबंध पुढं मंजूर झाला, हे मी आत्ताच सांगून टाकतो. तिफण हैदराबादेत चालली, सगळ्या प्रोसेसरांनी आपापली पाळी सांभाळली आणि मार्च संपायच्या आत बसवप्रभु सरांनी त्या पहिल्या पानावरच्या वाक्याखाली बारीक रेघ ओढून 'बरोबर' असं लिहिलं. हे सगळं झालं. पण शैलश्रीला कुणी त्या दिवसांबद्दल विचारलं तर ती प्रबंधाचं सांगत नाही, त्या संध्याकाळच्या फोनचं सांगते. हुमनाबादच्या स्टँडवर उतरून, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभं राहून केलेल्या.

"बोल शैला," विजयश्री म्हणाली. "कामून फोन केलीस ह्या येळंला? अव्वा बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. विजू, मला तुझं मशीन पायजे." एका दमात बोलली, नाहीतर बोललीच नसती.

शैलश्रीला वाटलं फोन तुटला. "विजू? अडचण असंल तर ऱ्हाऊ दे. म्या दुसरं कायतरी—"

"गप बस जरा," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "खातं हाय तुझं हितं."

"कसलं खातं?"

"मशीनवर. तुझ्या नावाचं. म्या नोकरीला लागले न्हवं, त्याच वर्षी काढून ठेवलंय. तू बघू म्हणलीस, म्हणलं आज न उद्या मागंल. वापर न्हाई म्हणून दरसाल ते बंद करायला निघतेत, आन् दरसाल म्या जाऊन सांगते, थांबा, यायलीय ती. यंदा साहेब मला इचारले, विजयश्री, ही बाई खरंच हाय का?"

शैलश्रीनं गाड्याच्या दांड्याला हात टेकला. "मग तू काय सांगितलीस?"

"हाय म्हणलं. घ्यायला जरा येळ लागतो तिला."

स्टँडवर बीदरची गाडी लागली, लोक तिच्याभोवतीनं पळाले. शैलश्री तिथंच उभी होती. माफ कर म्हणावं, उपकार झाले म्हणावं, काय पाठवू ते विचारावं, असं सगळं एकदम तिच्या ओठांवर आलं. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं. डोळे पुसले.

"दे," ती म्हणाली.